सोनेरी मासा आणि त्याचें पाणी

गेल्या वर्षीं माझ्या नातीच्या वाढदिवसास एका स्नेह्यांनीं तिला काचेचा एक गोल आणि त्यांत दोन सोनेरी मासे भेट दिले. मुलांना द्यावयाच्या भेटींत ही भेट शहरांतून चांगलीच रूढ झाली आहे. कुत्र्यामांजरांप्रमाणें हे प्राणी घरभर केस टाकीत नाहींत, पोपटाप्रमाणें ओरडत नाहींत, आणि टेबलाच्या एका कोपऱ्यावर त्यांचा सारा संसार मावतो. मुलीनें त्यांची सेवा मोठ्या निष्ठेनें केली. रोज सकाळीं शाळेला जाण्यापूर्वीं ती गोलांतलें सगळें पाणी ओतून टाकी, काच आंतबाहेर घासून लख्ख करी, नळाचें ताजें पाणी भरी, आणि मासे उपाशी राहूं नयेत म्हणून सांगितल्याहून चिमूटभर खाणें अधिकच घाली. सहाव्या दिवशीं त्यांतला एक पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन हपापल्यासारखी तोंडाची उघडझाप करूं लागला आणि दिवेलागणीपूर्वीं मेला. दुसरा नवव्या दिवशीं गेला. "आजोबा, पाणी तर मी रोज बदलत होते ना?" एवढेंच ती म्हणाली, पण त्या प्रश्नांत आपल्याच हातून कांहीं तरी घडलें ही शंका होती, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या मनांत अशी शंका तशीच राहूं देणें मला बरें वाटेना.

हे मासे नाजूकच असतात, असें कोणी म्हणालें. मासेच ते, आज ना उद्यां मरायचेच, असें दुसरें कोणी म्हणालें. हीं दोन्ही उत्तरें खोटीं आहेत. १९५६ सालीं इंग्लंडांतील एका जत्रेंत बक्षीस म्हणून मिळालेला असा एक मासा १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षें, एकाच कुटुंबांत जगला, ही नोंद प्रसिद्ध आहे. ज्या प्राण्याला त्रेचाळीस वर्षें जगतां येतें तो नऊ दिवसांत कां मरावा? मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. मत्स्यशास्त्राशीं माझा संबंध नाहीं. म्हणून ज्या वाटेनें मला चालतां येतें त्याच वाटेनें मीं उत्तर शोधूं लागलों, आणि शोधतां शोधतां या माशाच्या पाठीमागें चीन, जपान आणि इंग्लंड असा मोठा प्रवास घडला. त्या प्रवासांतलें जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

या माशाचा मूळ पुरुष पाहिला तर त्याच्या अंगावर सोन्याचा कणहि सांपडावयाचा नाहीं. आपल्या रोहू-कटल्याच्याच कुळांतला, चीनच्या तळ्यांत व संथ नद्यांत राहणारा, हिरवट करड्या रंगाचा हा एक खाण्याचा मासा. क्वचित् एखाद्या पिलाच्या अंगांतील काळें रंगद्रव्य निर्माण होत नाहीं, आणि मग खालचा पिवळा-तांबडा रंग उघडा पडतो. असें पिलूं रानांतल्या तळ्यांत फार दिवस टिकत नाहीं. तें बगळ्याच्या नजरेस सर्वांत आधीं पडतें. तें जगावें, वाढावें आणि त्याला संतति व्हावी, यासाठीं कोणाच्या तरी अभयाची गरज होती. हें अभय त्याला बौद्ध धर्मानें दिलें. पकडलेले जीव विकत घेऊन ते पुनः पाण्यांत सोडणें हें चीनमधील बौद्धांत पुण्यकर्म मानीत, आणि त्यासाठीं मठांच्या आवारांत खास तळीं राखलेलीं असत. सोनेरी रंगाचा मासा सांपडला तर तो खाण्यापेक्षां अशा तळ्यांत सोडणेंच लोकांस प्रशस्त वाटे. इ. स. ९६८ ते ९७५ च्या दरम्यान चिआशिंग येथील अधिकारी तिंग येनत्सान यास तेथील एका तळ्यांत असे मासे आढळले व तें तळें सोडलेल्या जीवांचें तळें म्हणून राखलें गेलें, अशी नोंद आहे. पुढें अकराव्या शतकांत हांगचौच्या मठांतील सोनेरी माशांचा उल्लेख सू तुंगपो या थोर कवीनें केला आहे. आपल्याकडेहि हा भाव अपरिचित नाहीं. महाडजवळच्या वाळण कोंडींतले मोठाले मासे देवीचे म्हणून कोणी पकडीत नाहीं. भाविक त्यांना खाऊं घालतात. असें अभय पिढ्यानपिढ्या मिळालें म्हणजे काय होऊं शकतें, याचा पुरावा हांगचौनें जगाला दिला.

पुण्याच्या पोटीं शौक जन्मास आला तो बाराव्या शतकांत. उत्तरेकडून हुसकावलेल्या सुंग घराण्याची राजधानी ११३८ मध्यें हांगचौ येथें स्थिर झाली. ११६२ मध्यें सम्राट् काओत्सुंग यानें राज्यत्याग केला. त्यानंतर तो ज्या राजवाड्यांत राहिला त्यांत सोनेरी माशांसाठीं तळें होतें. राजा जें पाळतो तें सरदार पाळतात, आणि सरदार पाळतात तें विकणारे लोक आपोआप उत्पन्न होतात. तेराव्या शतकाच्या आरंभीं येऊ को नांवाच्या लेखकानें या धंद्याविषयीं मोठी मार्मिक नोंद केली आहे. माशांना हा रंग कसा आणतां, असें पाळणाऱ्यांस विचारलें असतां ते आपलें गुपित फोडीत नसत. मात्र बाजारांतल्या गटारांत सांपडणारे बारीक तांबडे किडे ते माशांना चारतात, असें कोणी कोणी सांगत. शतकाच्या अखेरीस हांगचौच्या वेशीबाहेर मासे वाढवून ते शहरांत आणून विकणारा एक वर्गच तयार झालेला दिसतो. योगायोग असा कीं, याच बाराव्या शतकांत, सुमारें ११३० मध्यें, आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें 'मानसोल्लासां'त मत्स्यविनोदाचें प्रकरण लिहिलें. कोणत्या माशाला कोणतें खाद्य आवडतें, याची त्याला बारीक माहिती आहे. पण त्याच्या विनोदाची अखेर गळाच्या टोकाशीं होते.

तळ्यांत मासा असतो तोंवर माणसाचा त्याच्यावर पुरता ताबा चालत नाहीं. तो ताबा आला मिंग घराण्याच्या काळीं, सोळाव्या शतकांत, जेव्हां हांगचौ व आसपासच्या शहरांतील सामान्य गृहस्थ मासे तळ्यांतून काढून मातीच्या मोठ्या रांजणांत ठेवूं लागले. या साध्या स्थलांतराचा परिणाम फार दूरवर पोंचला. रांजणांत बगळा येत नाहीं, प्रवाह नसतो, अन्नासाठीं धांवावें लागत नाहीं. दुहेरी शेपटीचा, पाठीवर पर नसलेला, डोळे बाहेर आलेला, मडक्यासारख्या पोटाचा, असा कोणताहि अपंग जीव तेथें जगूं शकतो. शिवाय शंभर माशांच्या तळ्यांत जें विचित्र पिलूं दिसलेंहि नसतें तें रांजणांत लगेच डोळ्यांत भरतें, आणि हौशी माणूस तेंच वेगळें काढून त्याची वीण घेतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. रांजण अपारदर्शक असल्यानें चिनी माणसानें हा मासा वरून पाहिला. म्हणून वरून जें शोभेल तेंच त्यानें निवडलें: फुलासारखी पसरलेली दुहेरी शेपटी, दोहों बाजूंस उमटून दिसणारे डोळे, रुंद पाठ.

या जातींचें कोडें आधुनिक काळांत उलगडूं लागलें तें चिनी शास्त्रज्ञानेंच. चेन चेन यानें १९२५ पासून या माशांचे संकर घडवून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम त्यांना कसे लागू पडतात हें दाखविलें, आणि त्यांचा सारा इतिहासहि जुन्या ग्रंथांतून उकरून काढला. माझ्यासारख्या मागून येणाऱ्यांवर त्याचें मोठें ऋण आहे. दुहेरी शेपटी एका विशिष्ट जनुकांतील बिघाडामुळें येते, हें २०१४ मध्यें संशोधकांनीं सिद्ध केलें. ज्याला आपण सौंदर्य म्हणून मिरवितों तो माशाच्या दृष्टीनें बिघाडच आहे, आणि त्याची भरपाई पाळणाऱ्याच्या काळजीनें व्हावयाची असते. गोल पोटाच्या, लांब झालरीच्या जाती साध्या लांबट जातींहून लवकर आजारी पडतात त्याचें कारण हेंच.

ती काळजी कशी घ्यावयाची, हें रांजणवाल्या चिनी हौशी लोकांना उत्तम ठाऊक होतें. १५९६ सालीं चांग छिएनते या तरुण रसिकानें हिंगुळाच्या रंगाच्या माशांविषयीं एक छोटा ग्रंथ लिहिला. केवळ सोनेरी माशांवर लिहिलेला हा सर्वांत जुना ग्रंथ होय. कोणत्या गांवचा रांजण चांगला, कोणता मासा निवडावा, पहांटे व चांदण्यांत त्यांच्याकडे कसें पाहावें, हें सारें तो रंगून सांगतो. पण मला त्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती बांबूच्या नळीची. पाणी भरल्यावर एकदोन दिवसांत तळाशीं मळ सांचतो. तो बांबूच्या नळीनें वरचेवर शोषून काढावा, असें तो सांगतो. म्हणजे पाणी सबंध ओतून टाकावयाचें नाहीं. तेवढी घाण उचलावयाची. त्याच वर्षीं छापून निघालेल्या ली शीचेनच्या प्रसिद्ध औषधिग्रंथांत हा मासा आतां घरोघर पाळला जातो, आणि तो आपलींच अंडीं खातो, असें सांगितलें आहे. पेकिंगच्या मासेवाल्यांच्या परंपरेंत 'नवें पाणी' आणि 'जुनें पाणी' असे दोन शब्द आहेत. नवें पाणी एकदम वापरावयाचें नाहीं. तें उघड्यावर उन्हांत ठेवून निवूं द्यावयाचें. जुनें, किंचित् हिरवट झालेलें पाणी हें मासा सुखी असल्याचें लक्षण. यांपैकीं कशाचेंहि कारण त्यांना सांगतां आलें नसतें. पण आपल्याकडची आजी लोणच्याच्या बरणीला ओला हात लावूं देत नाहीं, तेव्हां ती तरी कोठें कारण सांगते?

जपानची हकीकत थोडक्यांत आटोपतों. १५०२ मध्यें साकाई बंदरांत चीनहून हे मासे उतरले, असें तिकडील परंपरा सांगते. १७२४ मध्यें यानागिसावा घराण्याची बदली यामातो प्रांतांतील कोरियामा येथें झाली तेव्हां त्यांच्या परिवाराबरोबर सोनेरी मासेहि गेले. पुढें मेजी राज्यक्रांतींत सामुराईंचीं वेतनें बंद पडल्यावर तेथील कित्येक घराण्यांनीं तरवार खुंटीला टांगून मत्स्यपालनावर चरितार्थ चालविला. १७४८ मध्यें साकाईच्या एका जाणकारानें माशांच्या संगोपनावर पुस्तक काढलें. सारांश, चीनचा मासा जपानांत गेला तो आपल्या पाळणाऱ्यांच्या विद्येसह गेला.

युरोपांत तसें झालें नाहीं, आणि माझ्या नातीच्या टेबलावरील गोलाची कथा येथूनच सुरू होते. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स यानें मे १६६५ मध्यें काचेच्या भांड्यांत ठेवलेले सुरेख परदेशी मासे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. ते सोनेरी मासेच होते कीं दुसरे, याविषयीं मतभेद आहेत. १७२८ च्या सुमारास मात्र पूर्वेच्या व्यापारी जहाजांतून ते बऱ्याच संख्येनें इंग्लंडांत आले व श्रीमंतांच्या तळ्यांत वाढूं लागले. १७५८ मध्यें लिनीअसनें त्यांना शास्त्रीय नांव दिलें. होरेस वॉलपोल या विलासी लेखकाच्या घरीं चिनी मातीच्या एका निळ्यापांढऱ्या कुंडांत असे मासे होते. १७४७ मध्यें त्याची लाडकी मांजरी त्या कुंडांत पडून बुडून मेली, आणि त्याचा मित्र थॉमस ग्रे यानें तिच्यावर रचलेली विनोदी विलापिका इंग्रजी साहित्यांत अजरामर झाली. मांजरीवर कविता झाली. माशांचें पुढें काय झालें, हें कोणी विचारलें नाहीं.

वॉलपोलचें कुंड निदान चिनी होतें. पण युरोपांत काच होती, आणि ज्यांच्या हातीं काच आहे त्यांना वरून पाहण्यांत गोडी वाटेना. मासा रांजणांतून काढून दिवाणखान्यांतील काचेच्या गोलांत आला. सेलबोर्न गांवचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानें १७८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत अशा गोलांचें वर्णन मोठ्या कौतुकानें केलें आहे. काचेमुळें मासे लहानमोठे व चित्रविचित्र दिसतात, याची त्याला मौज वाटते. कांहीं हौशी लोक तर गोलाच्या मध्यावर पोकळी ठेवून तींत एखादा पक्षी सोडीत, म्हणजे पाण्याच्या मधोमध पक्षी उड्या मारतो आहे असा भास होई! हा प्रकार वाचून मला त्या पक्ष्याची आणि माशांची सारखीच कींव आली. व्हाइट स्वतः बारकाईनें पाहणारा होता. पाणी वरचेवर बदललें तर हे मासे कांहीं न खातांहि जगतात अशी समजूत होती. त्यावर तो म्हणतो कीं, ते कांहीं खात नाहींत असें दिसतें खरें, पण खाल्ल्याचे परिणाम मात्र पाण्यांत पडत असतात. आजारी माशाचें डोकें हळूहळू खालीं झुकतें आणि अखेर तो पोट वर करून तरंगतो, हेंहि त्यानें लिहिलें आहे. मळ त्याला दिसला होता, मरण दिसलें होतें. या दोहोंमधला धागा मात्र त्या काळीं कोणालाच दिसणें शक्य नव्हतें, कारण रसायनशास्त्र तेव्हां नुकतें डोळे उघडीत होतें.

माशाचा काटकपणाच येथें त्याच्या वाईटावर आला, असें मला वाटतें. याचे पूर्वज हिवाळ्यांत बर्फाखालीं गोठलेल्या तळ्यांत राहणारे. पाण्यांतला प्राणवायु अगदीं संपला तरी हा मासा कांहीं काळ तग धरूं शकतो; अशा वेळीं त्याच्या स्नायूंत तयार होणाऱ्या आम्लाचें तो मद्यार्कांत रूपांतर करून तें कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. ही विलक्षण गोष्ट १९८० मध्यें उघडकीस आली. दुसरा मासा ज्या भांड्यांत तासाभरांत मेला असता त्यांत हा दिवसच्या दिवस काढतो, आणि पाहणारा समजतो कीं याला हें भांडें मानवलें.

वरील धागा जोडणारे लोक मासे पाळणारे नव्हते. १७७१ मध्यें जोसेफ प्रीस्टली याला असें दिसलें कीं, मेणबत्ती जळून निकामी झालेली बंद भांड्यांतली हवा पुदिन्याच्या रोपानें पुनः ताजी होते. हें काम वनस्पति उजेडांतच करतात, हें १७७९ मध्यें इंगेनहाउस यानें दाखविलें. या गोष्टी ग्रंथांत पडून होत्या. त्या माशाच्या भांड्यापर्यंत आणल्या लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्यें औषधांचें रसायन पाहणाऱ्या रॉबर्ट वॉरिंग्टन यानें. १८४९ च्या मे महिन्यांत त्यानें बारा गॅलन मावतील असें काचेचें एक भांडें घेतलें, तें झऱ्याच्या पाण्यानें अर्धेंच भरलें, तळाशीं वाळू, चिखल व दगड घातले, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति लावली, आणि त्यांत दोन लहान सोनेरी मासे सोडले. कांहीं दिवस सर्व ठीक चाललें. पुढें वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, काचेवर हिरवें शेवाळ चढलें. आपल्यापैकीं कोणीहि अशा वेळीं भांडें रिकामें करून घासलें असतें. वॉरिंग्टननें तसें केलें नाहीं. तळ्यांत हें कुजकें कोण साफ करतें, असा प्रश्न त्यानें स्वतःला विचारला, आणि पांचसहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजलेलीं पानें व शेवाळ खाऊन टाकलें, त्यांचीं अंडीं माशांना खाद्य झालीं, पाणी निवळलें. पुढच्या वर्षीं त्यानें हा वृत्तांत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें ठेविला, तेव्हां पाणी न बदलतां ते दोन मासे धडधाकट होते. ज्या गोलांत नातीचे मासे नऊ दिवसांत मेले आणि ज्या भांड्यांत वॉरिंग्टनचे मासे वर्षभर जगले त्यांत काचेचा फरक नव्हता.

यानंतर इंग्लंडांत मत्स्यपेट्यांचें वेडच पसरलें. १८४५ मध्यें काचेवरील कर उठल्यामुळें काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. १८५४ मध्यें फिलिप गॉस याच्या पुस्तकानें 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला. तोच शब्द शंभर वर्षांनीं मुंबईच्या समुद्रकांठीं, १९५१ मध्यें उघडलेल्या तारापोरवाला अ‍ॅक्वेरियमवर चढला, आणि आमच्या पिढीच्या मुलांनीं काचेमागचा मासा पहिल्यानें तेथेंच पाहिला.

पण वॉरिंग्टनचें उत्तरहि अर्धेंच होतें. त्याचा हिशेब प्राणवायूचा होता. विषाचा हिशेब अद्याप कोणी मांडला नव्हता. तो मांडला गेला गटारांच्या अभ्यासांतून. १८७७ मध्यें श्लेझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या उंच नळींतून गटाराचें पाणी थेंबथेंब सोडलें. पहिले वीस दिवस त्यांतला अमोनिया जसाच्या तसा खालीं उतरला. मग एकाएकीं अमोनिया कमी होऊन त्याच्या जागीं नायट्रेट दिसूं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच हें थांबलें. बागेंतल्या मातीचें धुवण घालतांच पुनः सुरू झालें. अर्थात् वाळूंत कांहीं तरी जिवंत होतें. १८९० मध्यें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें ते जंतु वेगळे केले व हें काम दोन टप्प्यांनीं होतें असें दाखविलें: एक जंतु अमोनियाचें नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचें नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला घातक. तिसरा बराच निरुपद्रवी. अखेरचा दुवा १९२९ मध्यें होमर स्मिथ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानें जोडला, आणि तोहि सोनेरी मासा व त्याचा चुलतभाऊ कार्प यांवरच प्रयोग करून. माशाच्या शरीरांतील नत्राचा टाकाऊ भाग मूत्रावाटे थोडाच जातो. त्याच्या कित्येक पट भाग अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांतून बाहेर पडतो. म्हणजे मासा श्वास घेतो तेथूनच विषहि सोडतो. व्हाइटला जो मळ दिसला होता तो या मानानें किरकोळ. खरें विष डोळ्यांना दिसतच नाहीं, आणि लख्ख दिसणाऱ्या पाण्यांतहि तें असूं शकतें.

आतां मुलीच्या प्रश्नाकडे वळतों. रोज पाणी बदलावें, हा उपदेश विहिरींच्या व झऱ्यांच्या काळचा आहे. व्हाइटच्या वेळीं तो पुष्कळसा बरोबर होता; जंतूंची वसाहत नसेल तर विष घालविण्यास ताजें पाणी हाच एक मार्ग. परंतु १९०८ मध्यें अमेरिकेंतील जर्सी शहरानें आपल्या पाणीपुरवठ्यांत नियमानें क्लोरीन मिसळण्यास आरंभ केला, आणि पुढें जगांतील बहुतेक शहरांनीं तोच मार्ग धरला. त्यामुळें माणसांचे लाखों जीव वांचले. माशाचे कल्ले मात्र तोच क्लोरीन जाळतो. उपदेश जुनाच राहिला आणि त्याच्या खालचें पाणी बदललें. आमच्या माशांना बहुधा रोज सकाळच्या त्या ताज्या पाण्यानेंच मारलें असावें. काठोकाठ भरलेल्या गोलाचें अरुंद तोंड, जास्तीचें खाणें आणि काच घासतांना रोज धुऊन निघालेली जंतूंची वसाहत यांनीं त्याला हातभार लावला. मुलीची निष्ठा खरी होती. तिला दिलेली माहिती सव्वादोनशें वर्षांची शिळी होती. मीं तिला हें सगळें वॉरिंग्टनच्या गोगलगायींसह सांगितलें. तिनें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "मग त्या चिनी माणसाला बांबूची नळी कशी सुचली?" याला मजजवळ उत्तर नव्हतें.

इटलींतील मोंझा शहरानें २००४ मध्यें माशांना गोल भांड्यांत ठेवण्यास बंदी केली, व पुढच्या वर्षीं रोमनेंहि तसा नियम केला, हें वाचून आमच्या घरीं गोलाची रवानगी खिडकींत झाली. त्यांत आतां मनीप्लँट वाढतो आहे. त्याच्या जागीं शंभर लिटरांची चौकोनी पेटी आली. तळाशीं वाळू, एका कोपऱ्यांत व्हॅलिस्नेरिया, आणि पाणी खेळतें ठेवणारी लहानशी गाळणी, जिच्या स्पंजावर विनोग्राड्स्कीचे जंतु व त्यांचे भाऊबंद वस्ती करतात. तो स्पंज नळाखालीं धुवावयाचा नाहीं; पेटींतल्याच पाण्यांत पिळावयाचा. आठवड्यास एकदां चौथाईपर्यंत पाणी नळीनें तळ शोषून काढावयाचें. नवें पाणी दुकानांत मिळणाऱ्या हायपोचे थेंब टाकून घालावयाचें, कारण हल्लीं कांहीं ठिकाणीं वापरतात तें क्लोरामाइन नुसतें उघडें ठेवल्यानें जात नाहीं. खाणें दोन मिनिटांत संपेल इतकेंच. एवढ्यानें भागतें. बाजारांत मिळणाऱ्या रंगीबेरंगी औषधांच्या बाटल्यांपैकीं पुष्कळशा, माझ्या मतें, पाण्याची हयगय झाल्यावरच आठवतात.

पेटी भरली, पण मासे आणले नाहींत. जंतूंना वाढण्यास वेळ द्यावयाचा होता. श्लेझिंग-म्युंट्झच्या नळीलाहि वीस दिवस लागले होते. आम्हांला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस मुलगी रोज माशाच्या नांवानें चिमूटभर खाणें त्या रिकाम्या पाण्यांत टाकी, दर रविवारीं परीक्षानळींत पाणी घेऊन अमोनियाचा रंग पाही आणि वहींत लिहून ठेवी. घरीं येणारे पाहुणे पेटीपुढें थबकून विचारीत, "अग, यांत मासे कुठें आहेत?" ती वही मिटून सांगे, "अजून यायचेत. आधीं पाणी तयार होतंय."